तालुक्याच्या गावात, संस्थेच्या मदतीसाठी दोन दिवसांचा चित्रपट महोत्सव: पडद्यापासून पावतीपर्यंत

तालुक्याच्या गावात स्वतंत्र निर्मात्यांचे चित्रपट दाखवायचे आणि त्यातून गावातल्याच एखाद्या संस्थेला हातभार लावायचा, हे जमण्यासारखं काम आहे. फसतं ते बहुतेक वेळा हिशोबात. तिकिटांच्या पैशातून सभागृहाचं भाडं, साउंडवाल्याचं बिल, पाहुण्यांची खोली भागवायची आणि ‘उरेल ते संस्थेला’ असं ठरवलं की उरत काहीच नाही. म्हणून सगळा खर्च प्रायोजक आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून आधी उभा करायचा. प्रेक्षकाने दिलेल्या पैशाला खर्चासाठी हात लावायचा नाही, तो सरळ संस्थेकडे जाणार. एवढे प्रायोजक मिळत नसतील तर दोनाचा एक दिवस करा, पण ही शिस्त सोडू नका.

पुढचा सगळा आराखडा अडीचशे-तीनशे आसनांची जागा, शनिवार-रविवार, पाच खेळ, तीन मोठे चित्रपट आणि आठ लघुपट एवढं धरून केलेला आहे. पहिल्या वर्षी याहून मोठं काही करू नये.

आधी संस्था, मग चित्रपट

संस्था नोंदणीकृत हवी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचा नोंदणी क्रमांक, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब मागून घ्या. मागायला संकोच वाटला तरी मागा, कारण पुढे प्रायोजक तुम्हाला हेच विचारणार आहेत. वर्गणी आणि प्रवेशमूल्य संस्थेच्याच खात्यात आणि संस्थेच्याच पावतीवर घ्यावं. संस्थेऐवजी मित्रमंडळींची तात्पुरती समिती पैसे गोळा करणार असेल, तर गणेशोत्सव मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते.

निधी कशासाठी, हे एका ओळीत सांगता आलं पाहिजे. ‘सामाजिक कार्यासाठी’ या शब्दांवर कोणी खिशात हात घालत नाही. समजा, ग्रामीण रुग्णालयात दाखल रुग्णांच्या नातेवाइकांना दुपारचा डबा देणारी संस्था आहे आणि दोन पोळ्या, भाजी, वरण-भाताच्या एका डब्याला ४० रुपये पडतात. मग ३०० रुपयांच्या पासमागे ‘या पासमधून सात डबे’ असं छापा. डब्याचा खर्च मात्र संस्थेच्या वहीतून काढा, अंदाजाने नको.

करसवलतीबाबत दोन गोष्टी नीट सांभाळा. पास किंवा तिकिटाच्या बदल्यात प्रेक्षक चित्रपट पाहतो, म्हणून ती देणगी नव्हे. त्यावर आयकरात सवलत मिळवून देणारी (८०-जी नावाने ओळखली जाणारी) पावती देऊ नका. ती फक्त वेगळ्या, निव्वळ देणगीवर द्यायची, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर सवलत मिळत नाही. गावचे परदेशी राहणारे लोक हौसेने पैसे पाठवतात. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांचा पैसा परकीय योगदान ठरतो आणि त्यासाठी संस्थेकडे केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट कायम ठेवून परदेशी नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा त्यात येत नाही. पैसे येण्याआधीच विचारून घ्या.

तारीख

पौष महिना धरा. लग्नाचे मुहूर्त नसल्याने मंगल कार्यालयं रिकामी असतात, भाड्यात घासाघीस करता येते, मंडपवाला आणि साउंडवालाही मोकळा असतो. दहावी-बारावीच्या परीक्षा अजून पुढे असतात. ग्रामदैवताची जत्रा, आठवडी बाजाराचा दिवस आणि निवडणुकीची आचारसंहिता पाहूनच तारीख पक्की करा. आचारसंहिता लागली की व्यासपीठावर कोण बसणार, फलकावर कोणाचा फोटो, यातच सगळी शक्ती जाते. तयारीला चार महिने लागतात.

जागा

गावात चालू स्थितीतलं चित्रपटगृह असेल तर तेच घ्या. काळोख, खुर्च्या, पडदा तयार असतो आणि परवानाही. महाराष्ट्र चित्रपटगृह (विनियमन) अधिनियम १९५३ प्रमाणे परवाना नसलेल्या जागेत चित्रपटाचं जाहीर प्रदर्शन करता येत नाही. मंगल कार्यालय, शाळेचं सभागृह किंवा मैदान घेतलं तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तात्पुरता परवाना काढावा लागतो. अर्जाला जागेचा नकाशा, बाहेर पडायचे दरवाजे, आग विझवण्याची सोय, विजेच्या जोडणीचा दाखला जोडावा लागतो. हे काम सर्वांत आधी सुरू करा, आठ आठवडे हाताशी ठेवून. बंद पडलेलं चित्रपटगृह एका दिवसासाठी उघडून घ्यायचा मोह होतो. त्याचा परवाना चालू आहे का, हे मालकाच्या तोंडी न विचारता कागदावर पाहा.

चित्रपटगृह घेतलं तर ऑपरेटरला गाठून एकच प्रश्न विचारा: बाहेरचा लॅपटॉप जोडता येतो का? लहान गावांतल्या अनेक चित्रपटगृहांत सिनेमा उपग्रहावरून किंवा सिनेमा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि पेन ड्राइव्हवरची फाइल त्यात सरळ चालत नाही. प्रोजेक्टरला एचडीएमआयची वाट असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर कंपनीमार्फत फाइल आधी चढवून घ्यावी लागते आणि त्याला दिवस आणि पैसे दोन्ही लागतात.

मैदानावरचा खेळ दिसायला छान, पण थंडी, दव आणि आवाजाची वेळ आडवी येते. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि त्याआधीही पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. चित्रपटगृह नसलं तरी अडत नाही. धरमशालाचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २०१२ पासून मॅक्लिऑडगंजसारख्या डोंगरातल्या लहान गावात भरू लागला, तो तिबेटी कलासंस्थेच्या सभागृहासारख्या जागांच्या आधाराने.

चित्रपट मिळवणं आणि हक्कांचे कागद

शोध तीन वाटांनी घ्या. पुण्याच्या चित्रपट संस्थेसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांचे लघुपट, आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी केलेलं काम आणि महोत्सवांत फिरून आलेले पण गावापर्यंत न पोचलेले मोठे मराठी चित्रपट. मुलांसाठीचे चित्रपट एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) विचारा; बालचित्र समिती आता त्यांच्यातच विलीन झाली आहे. फिल्म सोसायट्यांच्या महासंघाशी संपर्क ठेवलात तर चित्रपटही मिळतात आणि सल्लाही.

प्रवेशिकांसाठी शुल्क घेऊ नका. उलट प्रत्येक चित्रपटाला थोडं का होईना मानधन द्या. ‘चांगल्या कामासाठी आहे, फुकट द्या’ ही मागणी नेमकी ज्याच्याकडे पैसा कमी त्याच्याकडेच केली जाते. निर्माता स्वतःहून मानधन परत संस्थेला देतो म्हणाला तर आनंद आहे, त्याची वेगळी पावती करा.

परवानगी लेखी हवी आणि ती हक्कधारकाची हवी. दिग्दर्शक होकार देतो, पण हक्क बऱ्याचदा निर्मात्याकडे किंवा वितरकाकडे असतात. पत्रात चित्रपटाचं नाव, लांबी, ठिकाण, तारीख, एकच खेळ, प्रवेशमूल्य घेतलं जाणार आहे ही गोष्ट, मानधनाची रक्कम आणि खेळानंतर फाइल पुसून टाकण्याची हमी एवढं येऊ द्या. प्रवेशमूल्याचा उल्लेख गाळू नका. नंतर कटकट होते ती याच मुद्द्यावर. ओटीटीच्या घरगुती वर्गणीवरून किंवा यूट्यूबवरून सभागृहात चित्रपट लावणं हे प्रदर्शनाचे हक्क घेणं नव्हे. मध्यंतरात चित्रपटगीतं वाजवायची तर त्यांचेही वेगळे परवाने लागतात. गावातल्या सनई-चौघडेवाल्याला किंवा भजनी मंडळाला बसवा, ते बरं वाटतं आणि स्वस्तही पडतं.

आता सेन्सॉर. प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाचा खेळ तिकीट लावून करता येतो. प्रमाणपत्राची प्रत फाइलला लावा आणि दाखवणार ती प्रत त्याच आवृत्तीची आहे याची खात्री करा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गात ७+, १३+, १६+ अशा पायऱ्या आल्या आहेत, त्या वेळापत्रकात चित्रपटाच्या नावापुढे छापा. लघुपटांकडे मात्र प्रमाणपत्र क्वचितच असतं. त्यांच्यासाठी सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ च्या कलम ९ खाली माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून महोत्सवापुरती सूट घ्यावी लागते. ही सूट बिगर-व्यावसायिक महोत्सवाला, नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती, म्हणजे आधी नाव नोंदवून पास घेतलेल्या प्रेक्षकांपुरती मिळते. खिडकीवर तिकीट विकून दाखवायला नाही. अर्जासोबत चित्रपटांची यादी, भाषा, लांबी, दिग्दर्शक आणि कथासार जातं. म्हणून लघुपटांचे खेळ फक्त पासधारक प्रतिनिधींसाठी ठेवा, सुटं तिकीट फक्त प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या चित्रपटांना लावा आणि प्रमाणपत्र नसलेलं काहीही १८ वर्षांखालच्या मुलांना दाखवू नका.

पाच खेळ कसे लावायचे

शनिवारी ११ वाजता शाळांसाठी प्रमाणित बालचित्रपट, ३ वाजता चार लघुपट, साडेसहाला मोठा चित्रपट. रविवारी ११ ला उरलेले चार लघुपट आणि ५ वाजता शेवटचा मोठा चित्रपट, म्हणजे बाहेरगावचे लोक शेवटची एसटी धरू शकतात. चार लघुपट मिळून ७५ ते ८५ मिनिटं, नंतर २० मिनिटं गप्पा. सुरुवातीला हलका चित्रपट, सर्वांत ताकदीचा दुसरा, सर्वांत जड तिसरा आणि शेवटी असा की लोक बोलत बाहेर पडतील. अहिराणी, मालवणी, गोंडी अशा भाषांतल्या लघुपटांना मराठी उपशीर्षकं असावीत. ती चित्रावरच कायमची उमटवून मागा. वेगळी फाइल लावली तर ऐन वेळी फाँट बदलतो, जोडाक्षरं फुटतात आणि ‘प्रश्न’ पडद्यावर चार तुकड्यांत दिसतो.

पडदा, प्रकाश, आवाज

मंगल कार्यालयात लग्नाच्या व्हिडिओसाठीचा ३,००० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर आणून ठेवतात आणि रात्रीचं दृश्य आलं की पडद्यावर नुसता राखाडी धूर दिसतो. हिशोब सोपा आहे. पडद्याची लांबी-रुंदी फुटांत गुणा आणि त्या चौरस फुटांना १६ ने गुणा. एवढे लुमेन प्रत्यक्ष पडद्यावर पडले पाहिजेत. १६ बाय ९ फुटांचा पडदा म्हणजे १४४ चौरस फूट, म्हणजे साधारण २,३००. जुना दिवा, धूळ बसलेलं भिंग, सिनेमासाठीची रंगांची मांडणी आणि दाराच्या फटीतून येणारा उजेड यात अर्धं जातं, म्हणून ५,००० लुमेनचा प्रोजेक्टर मागा. पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून चार-साडेचार फूट वर हवा, नाहीतर तिसऱ्या रांगेपासून उपशीर्षकांऐवजी डोकी वाचावी लागतात. दुपारच्या खेळांसाठी खिडक्यांना काळं कापड दुहेरी लावा. मंडपवाल्याचं मरून कापड बाहेरून गडद दिसतं, पण दुपारच्या उन्हात आतून लालभडक पेटतं.

आवाज हा सर्वांत दुखरा भाग. गावातला साउंडवाला मिरवणुकीच्या सवयीने बास वाढवून ठेवतो. ढोल छान, पण संवाद कळत नाहीत. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) पडद्याखाली एकच आणि निम्म्या आवाजावर. मुख्य स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, तोंड प्रेक्षकांच्या मध्याकडे, छताकडे नको. संवादातला घुमारा कमी होईपर्यंत २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडी कपात. फरशी, काच आणि उघडं छत असलेल्या कार्यालयात घुमतंच. मागच्या भिंतीवर जाड पडदे आणि मधल्या वाटेवर सतरंज्या टाकल्या की फरक लगेच ऐकू येतो. सभागृह लांबट असेल आणि मागे जादा स्पीकर लावले असतील तर त्यांना उशीर द्यावा लागतो: दर ३४ सेंटीमीटरला एक मिलिसेकंद, म्हणजे १५ मीटर मागच्या स्पीकरला साधारण ४४. हे न केल्यास मागच्या रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबली तर अर्थिंगचा दोष आहे. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये आयसोलेटर (गुणगुण अडवणारी छोटी डबी) टाका आणि लॅपटॉप व मिक्सर एकाच बोर्डावर जोडा.

निर्मात्यांकडून फाइल एकाच प्रकारची मागा: एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, साधारण २० एमबीपीएस, दोन वाहिन्यांचा आवाज. अशी तासाभराची फाइल ९ जीबीच्या आसपास होते. पेन ड्राइव्ह जुन्या एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढतच नाही, म्हणून तो एक्सफॅट पद्धतीचा करून घ्या. सगळ्या फाइल्स खेळाप्रमाणे क्रमांक देऊन दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि दोन लॅपटॉप तयार ठेवा. दोन्हींवर वायफाय बंद, अद्ययावत करणं बंद, झोपी जाणं बंद. ऐन चित्रपटात कोपऱ्यात कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपची चौकट उघडली की सभागृह हसायला लागतं.

प्रत्येक फाइल आधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणारा एक माणूस नेमा. पहिली दोन मिनिटं पाहून पुढे जाऊ नका. आवाज चित्रापासून सुटतो तो बहुधा विसाव्या-तिसाव्या मिनिटानंतर. लघुपटांच्या आवाजाची पातळीही फार वेगवेगळी असते. सगळे ओळीने ऐकून प्रत्येकासाठी मिक्सरची खूण कागदावर लिहून ठेवा. १५ मीटरच्या पुढे साधी एचडीएमआय केबल चित्र सोडून देते. फायबरची केबल किंवा कॅट-६ वरचा एक्स्टेंडर लागेल.

वीज जाणार हे गृहीत धरा. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि मिक्सर यूपीएसवर हवेत. दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना वीज गेली की पंखाही थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि फुटू शकतो. जनरेटर आवाज न करणारा, १० केव्हीएच्या आसपासचा, सभागृहापासून निदान शंभर फुटांवर, डिझेल भरलेलं. शुक्रवारी रात्री अर्धा तास मेन स्विच पाडून सगळं त्याच्यावर चालवून पाहा.

खर्च आणि प्रायोजक

हा नमुना आहे, आपल्या गावच्या भावाने बदला. सभागृह २४,०००, प्रोजेक्टर, पडदा, साउंड ३६,०००, आठ लघुपटांचं मानधन प्रत्येकी १,५०० प्रमाणे १२,०००, तीन मोठ्या चित्रपटांचं १६,०००, पाहुण्यांचा प्रवास आणि मुक्काम २२,०००, चहा-जेवण १४,०००, छपाई ९,०००, जनरेटर ८,०००, परवानग्या आणि किरकोळ ४,०००. बेरीज १,४५,०००. अचानक येणाऱ्या खर्चासाठी १५,००० धरून १,६०,०००.

उभे कसे करायचे? पाच खेळ, प्रत्येकाला एक प्रायोजक १८,००० प्रमाणे ९०,०००. मुख्य प्रायोजक ४०,०००. स्मरणिकेत १,५०० ची एक अशा वीस जाहिराती, ३०,०००. पतसंस्था, सराफ, बियाणं-खतांचं दुकान, ट्रॅक्टरची एजन्सी, दूध संघ, क्लासवाले ही नेहमीची दारं. त्यांच्याकडे जाताना खर्चाचा कागद उघडा दाखवा आणि ‘तुमचे १८,००० खेळाला लागणार, म्हणून लोकांचे सगळे पैसे डब्यांना जाणार’ असं सांगा. व्यापारी माणसाला हे लगेच पटतं. धनादेश पत्रिका छापायच्या आधी घ्या. ‘नाव टाका, नंतर बघू’ म्हणणाऱ्याचं नाव टाकू नका. नंतर तो फोन उचलत नाही आणि गावात रोज तोंड दिसतं.

पास ३०० रुपये, मोठ्या चित्रपटाचं सुटं तिकीट १००, शाळांचा खेळ मोफत. दीडशे पास आणि दोन्ही संध्याकाळी मिळून १२० सुटी तिकिटं गेली तर ५७,००० होतात, म्हणजे १,४२५ डबे. त्यावर देणग्या वेगळ्या. तीनशे खुर्च्या भरतीलच असं धरून हिशोब मांडू नका. फुकट पासांची यादी वीसवर थांबवा. गावात तीच सर्वांत वेगाने वाढते.

पावती पुस्तकांना क्रमांक, कोणतं पुस्तक कोणाकडे याची वही आणि क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच. कार्यकर्त्याच्या फोनवर ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे प्रामाणिक असले तरी त्यांचा मेळ लागत नाही. प्रत्येक खेळानंतर दोघांनी मोजून सह्या करायच्या. दानपेटी सीलबंद ठेवा आणि तिघांसमोर उघडा.

ते दोन दिवस

पंधरा कार्यकर्ते पुरतात: दोन तांत्रिक बाजूला, चार दारावर, दोन पैशांना, दोन पाहुण्यांना, तीन चहा-पाण्याला, दोन मोकळे. तांत्रिक बाजूच्या दोघांना दुसरं कोणतंही काम सांगू नका, सत्काराचा हार आणायलाही नाही. दोनशे लोकांच्या चहाला १६ लिटर लागतो आणि तो दोन टेबलांवर दिला तरच पंधरा मिनिटांत आटोपतो.

उद्घाटन वीस मिनिटांचं. शाल-श्रीफळ, मनोगत, आभार हे सुरू झालं की पहिला खेळ तासभर उशिरा लागतो आणि दिवसभराचं वेळापत्रक कोसळतं. बोलणाऱ्यांना आधीच सांगा की ठरल्या मिनिटाला दिवे मंदावतील, आणि खरंच मंद करा. संस्थेला प्रत्येक खेळाआधी तीन मिनिटं द्या: काय करतो, किती खर्च येतो, मदत कशी करायची. मदत घेणाऱ्या माणसांना व्यासपीठावर उभं करू नका, त्यांचे चेहरे चित्रफितीत दाखवू नका. भरलेल्या डब्यांची रांग दाखवली तरी कळतं.

चर्चेत पहिला प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून सूत्रसंचालकाने दोन प्रश्न खिशात ठेवावेत. माइक प्रेक्षकाच्या हातात न देता कार्यकर्त्याने धरावा, म्हणजे प्रश्नाचं भाषण होत नाही. बाहेर जाण्याचे सगळे दरवाजे खेळ चालू असताना कुलपाविना राहू द्या. फुकट्यांना अडवण्यासाठी मागचं दार बंद करणारा उत्साही माणूस प्रत्येक गावात असतो.

संपल्यावर

सोमवारी साउंडवाला आणि मंडपवाल्याची बिलं चुकती करा, कारण पुढच्या वर्षी भाव तेच ठरवणार आहेत. मानधनं आठवड्याच्या आत खात्यावर पाठवा. पंधरा दिवसांत जमा-खर्चाचं एक पान तयार करा: प्रायोजकांकडून किती आले, कशावर गेले, प्रवेशमूल्य किती, देणग्या किती. ते वाचनालयाच्या फलकावर लावा आणि प्रत्येक प्रायोजकाला हातात नेऊन द्या. प्रायोजकांचे काही पैसे उरले तर तेही संस्थेला द्यायचे की पुढच्या वर्षासाठी ठेवायचे, हे आधीच्या बैठकीत लिहून ठेवलेलं असावं. महिनाभराने संस्थेकडून किती डबे गेले याचा आकडा घ्या आणि पासधारकांच्या गटावर टाका.

दोन्ही हार्ड डिस्कवरच्या आणि लॅपटॉपवरच्या फाइल्स पुसा. मग निर्मात्यांना पत्र लिहा: खेळाला किती लोक होते, कुठे हसले, चर्चेत काय विचारलं आणि फाइल पुसल्याची तारीख.